गुळाच्या खड्याची कवायत

कडेगाव,
शुक्रवार

तीर्थस्वरूप आक्काताईस,

धाकट्या मानसिंगचा आधी सॅल्यूट, मग नमस्कार. (पलटण सुटली, क्रम सुटत नाही.) गुडघा बरा आहे असं तू फोनवर म्हणालीस, म्हणजे बरा नसावा. कोयनानगरच्या थंडीत तेल लावून घेत जा.

तुझ्या लेकीविरुद्ध, क्रांतीविरुद्ध तक्रार आहे म्हणून लिहितो. तिच्या सांगलीच्या थेरपी केंद्रात मी दर शनिवारी उत्कर्षाला नेतो (पत्र वाटेत दुसऱ्यानं उघडलं तर कळावं म्हणून: माझी नात, वय सात, ऑटिस्टिक). वर्षभर तिथं शिस्त होती. हात हलवायचे नाहीत, डोळ्यांत बघायचं, बघितलं की बक्षीस. घरी मी तेच चालवलं, बक्षिसाला आपल्याच गुऱ्हाळाचा गूळ. पोरगी इतकी तयार झाली, की पाटलांच्या साखरपुड्यात तिनं आचाऱ्यापासून नवरदेवापर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांत रोखून बघितलं आणि प्रत्येकापुढे हात पसरला. भटजींनी पळीभर तीर्थ दिलं. नवरदेवानं हातात हात दिला, तर तिनं तो उलटापालटा करून गूळ शोधला. मी त्यालाही प्रगतीच समजत होतो.

आता क्रांतीनं प्रियदर्शनी नावाची मुलगी नेमली आहे. वय सव्वीस, स्वतः ऑटिस्टिक. शिकायला नव्हे, शिक्षकांना शिकवायला! लहानपणी तिलाही हीच थेरपी दिली होती. ती भिंतीकडे बघत, दोरीची गाठ सोडत-बांधत, काय चुकलं ते सांगते आणि शिकल्यासवरल्या बाया वहीत उतरवून घेतात. बक्षिसाचा तक्ता भिंतीवरून काढला. हात हलवायला मोकळीक. मला संशय आला. सीमेवर उमेदीची वर्षं घालवली आहेत, नजर चुकवणारा माणूस मी ओळखतो. खिडकीबाहेर चपला काढून, कान लावून उभा राहिलो (दुपारच्या उन्हात तळवे भाजले), शिरवळच्या तिच्या मामांना फोन लावला. ते म्हणाले, पोरगी खरं तेच बोलते, एवढीच तिची खोड. त्यानं संशय वाढलाच.

शेवटी समोरच विचारलं. ती खिडकीकडे बघत म्हणाली, "आवं आजोबा, डोळ्यांत बघाय लावलं की मला बोलणंच ऐकू यायचं न्हाई. तुमी पलटणीत सावधान उभं असायचा, तवा काय सुचायचं?"

खरं सांगितलं. विश्राम कधी म्हणतात, एवढंच सुचायचं.

"मग उत्कर्षाला विश्राम कोण म्हणतंय?"

आक्काताई, मला त्या प्रश्नाचा राग आला, आणि गाडीत बसल्यावर रडूही आलं. (हे कुणाला सांगू नकोस.) सोमवारपासून गूळ बंद केला, तर उत्कर्षानं माझ्याकडे यायचंच बंद केलं. म्हणजे वर्षभर ती गुळाकडे येत होती, माझ्याकडे नव्हेच! आता ती कधीच आली नाही तर, या भीतीनं दाराकडे बघत बसतो. त्या प्रियदर्शनीला काढून टाकायला क्रांतीला सांग.

तुझा,
मानसिंग

ता.क. वरचं क्रांतीला मुळीच सांगू नकोस. प्रियदर्शनीला काढलं तर मी केंद्रासमोर उपोषणाला बसेन. खरं काम वेगळं आहे: तुझ्या पंच्याहत्तरीला उत्कर्षाला कुणी 'इकडं बघ' म्हणायचं नाही, अशी सगळ्यांना तंबी दे. आधी मला दे.

आणखी ता.क. हे लिहिताना ती आली. माझ्या पाठीला पाठ लावून बसली आहे, हात हलवते आहे, म्हणून अक्षर वाकडं. मला अर्थातच संशय आला. न उठता हात लांबवून गुळाचा डबा बघितला. झाकण घट्ट आहे. तिनं मागितलाही नाही.