यंत्र काढून चौदा रात्रींचा पुरावा देण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
बालमधुमेह साहाय्य योजना,
आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : आठ वर्षांच्या मुलीचे इन्सुलिनचे स्वयंचलित यंत्र परत न घेण्याविषयी.
संदर्भ : 'गरज सिद्ध होत नाही' असे कळवणारे आपले दि. ३ चे पत्र.

महोदय,

अर्जदार लिफ्ट दुरुस्तीचे काम करतो. त्याच्या धाकट्या मुलीला, जिला घरात बारकी म्हणतात, तिसऱ्या वर्षापासून टाइप वन मधुमेह आहे. चार महिन्यांपूर्वी आपल्या योजनेतून तिला यंत्र मिळाले. दंडावरचा सेन्सर दर पाच मिनिटांनी रक्तातली साखर बघतो, आणि ती उतरू लागली की कमरेचा पंप आपोआप इन्सुलिन थांबवतो. त्याआधी पाच वर्षे अर्जदार व त्याची पत्नी रात्री आळीपाळीने उठून तिच्या बोटाला सुई टोचत. एकदा दोघांचाही डोळा लागला. पहाटे आकडा एकतीस होता आणि पोरगी हाका मारूनही उठेना. त्या पहाटेविषयी अर्जदाराला यापेक्षा जास्त लिहवत नाही.

आता आपले पत्र म्हणते की, चार महिन्यांत रात्री साखर एकदाही धोक्याच्या पातळीखाली गेली नाही, सबब यंत्राची गरज दिसून येत नाही. साहेब, ती गेली नाही ती यंत्रामुळेच. अर्जदाराच्या देखभालीतील एकही लिफ्ट आजवर कोसळलेली नाही, म्हणून तिचे ब्रेक काढून आणा असे त्याला कोणी सांगितलेले नाही.

आधीच्या पाच वर्षांतील रात्रींच्या आकड्यांची जुनी वही दाखवली, तर ती चालू मुदतीतील नाही म्हणून परत मिळाली. आपल्या कार्यालयातील खिडकीवरच्या बाई भल्या आहेत, त्यांचा दोष नाही. त्या म्हणाल्या, "दादा, नियमच तसा आहे. मशीन काढा, चौदा रात्रींचे आकडे लिहून आणा. साखर पडलेली दिसली की मशीन परत मिळेल." वीस मजल्यांच्या शाफ्टमध्ये उतरताना अर्जदार कधी डगमगला नाही, पण तेव्हा खिडकीचा कठडा धरून उभा राहिला.

पत्नीला अजून सांगितलेले नाही. बारकीने मात्र पत्र वाचले असावे. काल झोपताना म्हणाली, "बाबा, सोमवारपासून तुम्ही परत जागणार ना? मग मी पण जागते."

आपल्या पत्रानुसार येत्या सोमवारी यंत्र जमा करायचे आहे. तत्पूर्वी लेखी खुलासा व्हावा. साखर कितीपर्यंत उतरू दिल्यास पुरावा ग्राह्य धरला जाईल? सत्तरला अर्जदार घाबरतो, पन्नासला साखरेची वाटी घेऊन तिच्या उशाशी बसतो. तो आकडा आल्यावर मुलीला उठवून साखर देण्याची परवानगी आहे का, की तसे केल्यास ती रात्र बाद होईल? आणि तिला जागच आली नाही, तर तेवढी एक रात्र पुरेशी धरून उरलेल्या रात्री माफ होतील का?

खुलासा मिळेपर्यंत यंत्र तिच्या अंगावरच राहू द्यावे, ही हात जोडून विनंती. अर्जदाराला, म्हणजे मला, फार भीती वाटते.

आपला नम्र,
बारकीचा बाप
(लिफ्ट मेकॅनिक)
दि. ११

सोबत :
१) चार महिन्यांचे आलेख.
२) जुनी वही. पत्नीने पेंगत लिहिलेल्या काही पानांवरचे अक्षर लागत नाही.
३) 'पालकांच्या जबाबदारीवर' यंत्र काढण्याचे आपले संमतीपत्र. त्यावर सही केलेली नाही.