दहा बोटं मोजेपर्यंत

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार घालणार होतो, पण डाव्या पायाला पट्टी आहे. तेव्हा एका पायावर उभं राहून केलेला हा नमस्कार गोड मानून घे. तुझे गुडघे काय म्हणतात? भावजींनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, की अजून तेच डॉक्टरांना तपासताहेत? इकडे आम्ही मजेत आहोत. माझा पाय नोकरीवर असताना मुरगळला, त्यामुळे त्याचा मला थोडा अभिमानच आहे.

तुला ठाऊकच आहे, कामावर जायच्या आधी सकाळी साडेसहाला येणाऱ्या मोठ्या माणसांना मी इंग्रजी शिकवतो. मागे आम्हा शिक्षकांना भाषाशास्त्राच्या तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं. (वीस वर्षं शिकवून झाल्यावर शिकवायचं कसं ते सांगायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता.) तिथे कळलं की नवी भाषा शिकणारा माणूस सुरुवातीला महिनोन् महिने गप्प राहू शकतो. त्याला ‘मौनाचा काळ’ म्हणतात. तोंड बंद असलं तरी कान कामावर असतात, म्हणून त्याला टोचून बोलू नये. दुसरं म्हणजे, प्रश्न विचारल्यावर मास्तराने मनात दहा मोजेपर्यंत उत्तराची वाट पाहावी. आणि तिसरं, शब्दाचा अर्थ सांगत बसू नये, करून दाखवावा. माझ्या पायाचा संबंध या तिसऱ्याशी आहे.

‘फॉल’ म्हणजे पडणं, हे दाखवायला मी बाकावर चढलो. पडणार नव्हतो, पडल्यासारखं करणार होतो. पण बाक काही शिबिराला आला नव्हता. असो, तो शब्द आता वर्गात कोणी जन्मात विसरणार नाही. दहा मोजण्याचा प्रयोग मी घरीही केला. हिने विचारलं, गॅस बंद केलात का? मी वर्गातल्यासारखेच हात पाठीमागे बांधून बोटं मोजू लागलो. (थांबायचं विचारणाऱ्याने असतं, हे गडबडीत विसरलो.) सातव्या बोटाला दूध उतू गेलं. त्यावर ही जे बोलली त्याचा अर्थ कोणाला करून दाखवावा लागला नाही.

पण पत्र लिहायला बसलो ते इस्त्रीवाल्या बाईंसाठी. त्या एका मोठ्या हॉटेलात चादरींना इस्त्री करतात. तिथे त्यांना मुकादमाची जागा मिळण्यासारखी आहे, पण इंग्रजी बोलता आलं पाहिजे, अशी अट. चार महिने एकही दिवस न चुकवता शेवटच्या बाकावर येऊन बसल्या आणि चकार शब्द बोलल्या नाहीत. हजेरीलाही नुसता हात वर. मी पडलो तेव्हा सगळा वर्ग ओरडला, या गप्पच. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पायाची पट्टी ठेवून गेल्या, घडी घालून, कडक इस्त्री केलेली! आमच्या प्राचार्या बाई म्हणाल्या, यांचं नाव पटावरून कमी करा, बाहेर चाळीस माणसं जागेसाठी थांबली आहेत. मी मौनाच्या काळावर अर्धा तास बोललो. शेवटी ठरलं की परीक्षक येतील त्या दिवशी बाई एक तरी वाक्य बोलल्या, तर त्यांची जागा राहील. मी मोठ्या ऐटीत हो म्हटलं आणि मग आठवडाभर मला जेवण गोड लागेना.

परीक्षक घाईतच आले. मी मागच्या भिंतीशी उभा होतो. बाईंपुढे बाजाराचं चित्र धरलं, प्रश्न विचारला, आणि मी तीन मोजतोय तोवर शून्य लिहून मोकळे झाले. मग ते आमच्या वर्गातल्या आचाऱ्याकडे वळले. या माणसाला तीनशे पदार्थ तोंडपाठ आहेत, पण परीक्षा म्हटली की घाम फुटतो. त्याचं तोंड नुसतं उघडत-मिटत होतं. परीक्षकांचं पेन पुन्हा कागदाकडे निघालं, इतक्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, “सर, प्लीज वेट. ही इज थिंकिंग.”

ताई, बाई उभ्या होत्या! हात पाठीमागे, आणि त्या बोटं मोजत होत्या! मग म्हणाल्या, “टेक युवर टाइम. नो हरी,” आणि मध्ये माझ्यासारखंच बारीक खोकल्या. (मी असा खोकतो हे मला त्या दिवशी कळलं.) पेन जागच्या जागी थांबलं. नवव्या बोटाला आचारी ओरडला, “बिग पॉट!” चित्रात टोपली होती, पण वाद घालायची कोणाची छाती झाली नाही. बाई परीक्षकांना म्हणाल्या, “व्हेरी गुड, सर. सिट डाऊन.” आणि ते बसले गं! बसून त्यांनी शून्य खोडलं. बाईंची जागा राहिली, आणि आनंदाच्या भरात मी उडी मारली, ती नेमकी डाव्या पायावर.

तेव्हापासून तुझी सारखी आठवण येतेय. मी साडेचार वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो. आईने डॉक्टर पालथे घातले. तू मात्र वेणी घालताना, भांडी पुसताना माझ्याशी बोलत राहायचीस, प्रश्न विचारायचीस आणि उत्तरासाठी थांबायचीस. तुला कुणी कुठल्या शिबिराला पाठवलं होतं? हे इतकी वर्षं कधी बोललो नाही, आता बोलतो: तू थांबलीस म्हणून मी मास्तर झालो.

तुझा,
एका पायावर उभा असलेला धाकटा भाऊ

ता. क. शनिवारी साठ शिक्षकांपुढे मी या विषयावर बोलावं, असा प्राचार्या बाईंचा हुकूम आहे. तीन दिवस कोऱ्या कागदापुढे बसलोय. माझा मौनाचा काळ पुन्हा सुरू झालेला दिसतो. तेव्हा तू ये आणि तूच बोल. मी मागे उभा राहून बोटं मोजीन.

आणखी ता. क. आभार इस्त्रीवाल्या बाई मानणार आहेत, इंग्रजीत. त्यांना आता गप्प कसं करायचं, हे शिबिरात शिकवलेलं नाही.

आणखी एक. माझं आयुष्यातलं पहिलं वाक्य कोणतं होतं, ते कृपा करून तिथे सांगू नकोस. (“ताई, जरा गप्प बस” हे साठ माणसांत बरं दिसणार नाही.)

शेवटचं. उत्तराची घाई नाही, सावकाश विचार कर. शुक्रवारच्या गाडीचं तुझं तिकीट सोबत जोडलं आहे.