लाल शाईतले दोन शेरे

मी, महामाया पंजाबराव तायडे, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वी अध्यापक विद्यालयात अध्यापकाचार्य, म्हणजे मास्तर घडवणारी मास्तरीण, राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा, आज रविवारी सकाळी हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण त्यांचा कायद्याशी संबंध नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, कोणी फूस लावलेली नाही, आणि लावायला कोणी आलेच असते तर दारातूनच परत गेले असते. यापूर्वी एका जुन्या डायरीत मी काही वाटणी लिहून ठेवली होती, ती रद्द समजावी.

हा मजकूर टाईप करीत आहे सुवर्णा गुलाबराव वानखडे, मूळची धामणगाव बढे येथील, माझी एके काळची विद्यार्थिनी. स्टेशनजवळ तिचे ऑनलाइन फॉर्म भरण्याचे दुकान आहे. शिक्षक भरती निघाली की अर्ध्या तालुक्याचे उमेदवार तिच्या दारात रांग लावतात. मी तिला बजावले आहे की मी बोलेन ते शब्दाला शब्द घ्यायचे, तिने मध्ये काही म्हटले तर तेही घ्यायचे. आयुष्यभर संस्थेची इतिवृत्ते वाचली. न झालेल्या सभा आणि न बोललेली भाषणे त्यांत सुवाच्य अक्षरात असायची. माझ्या कागदात तसले काही नको.

"मॅडम, मृत्युपत्रात गुडघे लिहत असतात काय?" ती विचारते. लिहितात. टाईप कर.

वाटणी हे निमित्त आहे. मला या कागदावर एक गोष्ट कबूल करायची आहे, ती पाचव्या कलमात येईल. ती सुवर्णाविषयी आहे आणि तिला माहीत नाही. अठरा वर्षे तिच्या तोंडावर सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून तिच्याच दुकानात, तिच्याच बोटांखाली सांगायला आले आहे. आता ती माझ्याकडे पाहून राहिली आहे. पाहू नकोस, पुढे चल.

कलम १. राहते घर माझा एकुलता एक मुलगा धम्मरत्न याला मिळावे. त्याने ते विकावे, ठेवावे, भाड्याने द्यावे, माझी हरकत नाही. फक्त पुढच्या खोलीच्या भिंतीला मी केलेला काळा पट्टा पुसू नये. त्यावर गल्लीतली तीस-चाळीस पोरे लिहायला शिकली. सून त्यावर फिकट गुलाबी रंग लावायचे म्हणते. तिने आपल्या खोलीला लावावा.

कलम २. बँकेत जे असेल त्यातून माझे औषधपाणी आणि अंत्यविधी भागवावा. उरेल ते धम्मरत्नचे. तेरवी, गोडजेवण, मोठा मंडप काही करू नये. विहारात वंदना म्हणावी आणि लोकांना वेळेवर घरी जाऊ द्यावे.

कलम ३. माझा गुंडाळफळा, काड्यांचे जुडगे, मातीचे ठोकळे, नकाशे आणि पाठाची वेळ मोजायचे घड्याळ कोणत्याही संस्थेला देऊ नये. संस्था ते काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावतात आणि तपासणीच्या दिवशी पुसतात. नव्याने लागलेला जो कोणी शिक्षक घरी येऊन मागेल, त्याला द्यावे. कोणी आलेच नाही तर गल्लीतल्या पोरांना खेळायला द्यावे, तेवढ्याने तरी ते झिजेल.

कलम ४. आमच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य हिंमतराव हयात आहेत आणि माझ्यापेक्षा ठणठणीत आहेत. त्यांनी माझ्या शोकसभेत बोलू नये. ते बोलायला लागले की मी थोर होते असे म्हणतील, आणि मला तेव्हा उठून उत्तर देता येणार नाही.

ते कॉलेज आता बंद पडले आहे, म्हणून सांगायला हरकत नाही. मान्यतेची समिती यायची त्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या शाळेचे ग्रंथालय ट्रॅक्टरमध्ये भरून आमच्याकडे यायचे. कपाटांसकट यायचे. एका वर्षी तर पुस्तकांवरचे शिक्के झाकायला आम्ही चार अध्यापकाचार्यांनी दिवसभर कागद चिकटवला. समितीतल्या एका बाईंनी मला विचारले, "मुलं ही पुस्तकं वाचतात का?" मी "हो" म्हणाले. हिंमतरावांना दोष देते खरी, पण तो "हो" माझ्या तोंडचा होता. लाज वाटते आता.

कलम ५. घे सुवर्णा, नीट घे.

आमच्या अभ्यासक्रमात सराव पाठ असायचे. होणाऱ्या मास्तराने जवळच्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांना शिकवायचे. त्याच्या गटातल्या सोबत्यांनी आणि मार्गदर्शकाने शेवटच्या बाकावर बसून पाहायचे. मार्गदर्शकाने त्याच्या वहीत लाल शाईने शेरा लिहायचा आणि गुण द्यायचे. सोबत्यांना शेरा लिहायचा अधिकार नव्हता.

सन दोन हजार सातच्या सुरुवातीला माझ्या गटात धम्मरत्न होता आणि सुवर्णाही होती. स्वतःच्या पोराला स्वतःच्या गटात घेणे ही पहिली चूक. त्याच सुमारास माझे यजमान पंजाबराव दवाखान्यात होते. मी शाळेत जायचे, हजेरीवर सही करायचे आणि पाठ सुरू व्हायच्या आत दवाखान्यात परतायचे. पाच आठवड्यांनी ते गेले. कामावर आले तेव्हा हिंमतरावांनी धम्मरत्नची वही पुढ्यात टाकली. बावीस पाठ, शेरा एकही नाही. "लिहून टाका मॅडम, घरचंच लेकरू आहे." मी बावीस वेळा "उत्तम" लिहिले. बाप गेलेल्या पोराला त्या आठवड्यात मी दुसरे काय देणार होते, असे तेव्हा मनाशी म्हणाले. धम्मरत्नने विचारले, तर मी सांगितले, "आत आले असते तर तू गोंधळला असतास, म्हणून व्हरांड्यातून ऐकायचे." त्याला ते खरे वाटले. आजही वाटते.

तेवढ्यावर थांबले असते तर कदाचित हे कलम निघाले नसते. त्या वर्षीची भरती डी.एड.च्या गुणांवर होती. धम्मरत्न आणि सुवर्णा एकाच प्रवर्गातले, एकाच यादीत येणारे. मार्चमध्ये सुवर्णाचा शेवटचा पाठ मी पाहिला. हातच्याची वजाबाकी, इयत्ता तिसरी. काड्यांचा जुडगा सोडल्याशिवाय सुट्ट्या काड्या मिळत नाहीत, हे तिने पोरांच्या हातून करवून घेतले. शाळेमागून मालगाडी गेली. बाकीचे मास्तर गाडीवर ओरडतात. ही गप्प उभी राहिली, गाडी जाऊ दिली आणि मग हळू आवाजात पुढे बोलली. पोरे ऐकायला बाकावर पुढे सरकली होती. तीस वर्षांच्या नोकरीत इतका चांगला पाठ मी पाहिला नव्हता.

मी वहीत लिहिले, "आवाज वर्गात पोचत नाही. अध्यापनास स्वभाव अनुकूल नाही." आणि गुण कापले.

यादी लागली. धम्मरत्न लागला, सुवर्णा दोन गुणांनी राहिली. नंतर कितीतरी वर्षे भरतीच निघाली नाही. निघाली तेव्हा टीईटी म्हणजे पात्रता परीक्षा आली, अभियोग्यता चाचणी आली, आणि ही दुकान टाकून दुसऱ्यांचे फॉर्म भरू लागली.

तो शेरा खोटा होता. मला माहीत असताना मी तो लिहिला. कॉलेज बंद होताना रद्दीतून मी दोघांच्या वह्या घरी आणल्या. लोखंडी पेटीत आहेत. ज्याची त्याला द्यावी.

येथे टाईप करणे थांबले. सुवर्णा उठून माठाजवळ गेली, पाणी प्याली नाही. एक गिऱ्हाईक आले, त्याला "उद्या या दादा" म्हणून तिने शटर अर्धे खाली ओढले. परत येऊन बसली. हे मी नंतर सांगून लिहवले आहे.

"मी टीईटीचा फॉर्म तीनदा भरला," ती म्हणाली. "हॉल तिकीट बी काढलं. गेली नाही. घरी सांगतलं, मॅडमनं लिहूनच देलं, आपला आवाज नाही. पोरीले गोष्ट सांगताना बी मले वाटे, हिले ऐकू येऊन राह्यलं का नाही."

मी म्हणाले, सुवर्णा, मी तुझी…

"माफी मागू नका. माफी मी टाईप करणार नाही." मग म्हणाली, "तुमी मेल्यावर हे कोण वाचन? धम्मरत्न एकटाच ना? आन् वाचून पेटीत ठेवन. त्याले आत्ता बोलवा. तो आल्याबिगर मी हे छापत नाही."

मी घरी फोन लावला. रविवार असूनही तो शाळेची कसली तरी माहिती ऑनलाइन भरत बसला होता. अर्ध्या तासात येतो म्हणाला. तोपर्यंत पुढचे कलम.

कलम ६. धम्मरत्न वाईट माणूस नाही. मोताळा तालुक्यातल्या एका खेड्यात सतरा वर्षांपासून रोज गाडीने जातो, खाडा करीत नाही. यंदा जुलैत मी हट्टाने त्याच्या शाळेत गेले आणि चौथीच्या वर्गात शेवटच्या बाकावर तासभर बसले. त्याने फळ्यावर बावन्न वजा सत्तावीस लिहिले. एकोणीस पोरांपैकी अकरा जणांनी पस्तीस उत्तर काढले. त्याने फळ्यावर पंचवीस लिहिले आणि म्हणाला, "दुरुस्त करून घ्या." अकरा पोरांना एकच चुकीचे उत्तर आले होते आणि ते कुठून आले हे त्याने एकालाही विचारले नाही. आपण विचारायचे असते, हे त्याला माहीतच नाही.

कसे असेल? माझ्याआधी सतरा वर्षांत त्याच्या वर्गात कोणी तासभर बसलेलेच नाही. साहेब येतात, फोटो पाहतात, रजिस्टरवर सही करतात, चहा घेतात. प्रशिक्षणाला बोलावतात, तिथे जेवण आणि सेल्फी होतो आणि प्रमाणपत्र मिळते. पोरगा दिवसातले दोन तास मोबाईलवर माहिती भरतो. त्याला नीट पाहण्याचा पगार ज्या एका माणसाला मिळत होता, ती मी होते.

म्हणून माझी त्याला विनंती आहे की महिन्यातून एकदा कोणालातरी शेवटच्या बाकावर बसवावे आणि नंतर खरे काय ते विचारावे. घराला मी ही अट जोडत नाही. अट घातली तर तो खोटी सही मिळवील, आणि ती विद्या त्याला माझ्याच घरात मिळाली आहे.

कलम ७. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून शेजारचे अर्जुनराव यांना नेमते. ते रेल्वेत गार्ड होते. सगळे डबे आलेत का हे पाहिल्याशिवाय ते झेंडी दाखवत नसत.

धम्मरत्न आला. साक्षीला बोलावलेले अर्जुनराव आणि परिचारिका रेणुकाबाई हेही आले होते. सुवर्णाने सगळ्यांसमोर पहिल्यापासून वाचून दाखवले. पाचव्या कलमाला तिने आवाज चढवला नाही की उतरवला नाही. धम्मरत्न स्टुलावर बसून होता, गाडीची चावी बोटात फिरवत. सहाव्या कलमाला चावी थांबली.

मला वाटले होते तो चिडेल, नोकरी जाईल म्हणून घाबरेल. तो एवढेच म्हणाला, "म्हणजे तू व्हरांड्यात नव्हतीस?"

"नाही रे."

"एकबी दिवस?"

"एकही दिवस नाही."

त्याने चावी खिशात टाकली. मग म्हणाला, "मंग माह्ये पाठ कसे होते, आई?"

मी ते पाहिलेच नव्हते.

तेव्हा तो सुवर्णाकडे वळला. "तू त गटातच होती. मांगच्या बाकावर बसत होती."

"हाव," ती म्हणाली. "बावीसच्या बावीस पाह्यले. पह्यले दोन बरे होते. मंग तू पुस्तकातून वाचाले लागला. पोरं बाहेर पाहेत. तू त्याहिच्याकडं पाहेच ना."

"तवा काऊन नाही सांगतलं वं?"

"तूच सांगे, मॅडम व्हरांड्यातून ऐकतात. आन् मॅडमनं उत्तम लिहलं होतं," सुवर्णा म्हणाली. "मले वाटलं, मलेच शिकवण्यातलं काही समजत नाही."

याखाली मला आणखी काही जोडायचे नाही. वरील सर्व मजकूर मला आणि साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. तो मी ऐकला, तो खरा आहे, आणि त्यातला एकही शब्द खोडू दिलेला नाही. साक्षीदारांच्या देखत मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी.

ठिकाण: मलकापूर, जिल्हा बुलढाणा
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार:
(सही) महामाया पंजाबराव तायडे

साक्षीदार:
१. (सही) अर्जुनराव सीताराम खर्चे, निवृत्त रेल्वे गार्ड
२. (सही) रेणुका भीमराव गवई, परिचारिका

टंकलेखन व वाचन:
(सही) सुवर्णा गुलाबराव वानखडे