डावीकडचं होल्डिंग

आई, परवा चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या मुलीने विचारलं, घरात कुणाला काचबिंदू होता का, आणि मी म्हणालो, हो, आईला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य मी पहिल्यांदाच तोंडातून काढलं. तुझी चहाडी केल्यासारखं वाटलं. मला भीती वाटतेय गं, आणि कशाची ते नीट सांगायचं तर आधी तुला एक खेळ समजावून सांगावा लागेल. वैतागू नकोस.

इथे इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आल्यावर काही वर्षांनी मी अमेरिकन फुटबॉलच्या मॅचेसना अंपायर म्हणून उभा राहायला लागलो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट, कमरेला पिवळं फडकं; कुणी नियम मोडला की ते मैदानात टाकायचं, म्हणजे शिक्षा. बायको याला नसती उठाठेव म्हणते. खेळणारे सगळे हौशी, कुणी प्लंबर, कुणी युनिव्हर्सिटीतली पोरं. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर जातात. ज्याच्याकडे बॉल आहे त्याच्यावर समोरचे धावून येतात, आणि त्याचे साथीदार त्यांना अडवतात. अडवायचं, ढकलायचं, पण धरून ठेवायचं नाही. धरलं तर ते होल्डिंग. आता गंमत अशी, की धरतात सगळेच, दर खेपेला. प्रत्येकाला शिक्षा द्यायला गेलं तर सकाळची मॅच दिवेलागणीलाही संपायची नाही. म्हणून कुठलं होल्डिंग द्यायचं आणि कुठलं सोडायचं, हे आम्ही ठरवतो. बॉल एकीकडे आणि दुसऱ्या टोकाला कुणी कुणाची बाही ओढली, तर नुसतं बजावायचं, "हात आत ठेव रे बाबा." पण बॉलच्या वाटेवर असेल, समोरचा सुटायला धडपडत असेल, आणि अडवणाऱ्याने त्याचा शर्ट मुठीत घेऊन त्याला फिरवलं किंवा खाली खेचलं, तर फडकं टाकायचं. तेही लगेच नाही. आमचा मुख्य रेफरी माझ्याच ऑफिसातला, यॉर्कशायरचा, बोलायला फटकळ. त्याने पहिल्याच दिवशी दम भरला होता: "फडक्याकडे हात गेला की थांब. बघितलंस ते डोक्यात पुन्हा एकदा चालव. सुरुवात दिसली का? नुसता पडलेला माणूस दिसला, तर तो स्वतःच्याच पायात अडकून पडला असेल. उशिरा टाकलंस तरी चालेल, पण अंदाजाने टाकायचं नाही. यू डोन्ट गेस, मेट." मला हे फार पटलं. माझा स्वभावच तसला, शंभरदा खात्री करणारा, तुला ठाऊकच आहे.

गेल्या रविवारी बर्मिंगहॅमला मॅच होती. मी माझ्या जागेवर, धावून जाणाऱ्यांच्या मागे उभा आहे. बॉल निघतो. माझी नजर मधल्या दोघांवर आहे, आणि डावीकडचा गडी मला डोळ्याच्या कडेने दिसायला हवा, नेहमी दिसतो. पुढच्या क्षणी तो जमिनीवर आहे आणि गुडघा धरून किंचाळतोय. मधलं काहीच नाही. तो उभा होता, आणि तो पडलेला होता. त्यांचा कोच कडेवरून ओरडला, "अंपायर, मानेला धरून पाडलं त्याला! आंधळा आहेस का?" हे असलं आम्ही दर रविवारी ऐकतो, हसून सोडून देतो. मी फडकं टाकलं नाही. सुरुवात दिसली नव्हती, मग कसं टाकणार? दोघांनी त्या पोराला खांद्यावर घेऊन बाहेर नेलं. मॅच संपल्यावर रेफरीने पाठीवर थाप मारली: "गुड नो-कॉल. मध्ये कुणीतरी आलं असेल. दिसलं नाही ना, मग फडकं टाकलं नाहीस ते बरोबर केलंस." आई, मध्ये कुणीही आलं नव्हतं.

परतताना मोटरवेवर सबंध वेळ मला आत्याच्या डोहाळजेवणाची पंगत आठवत होती. तू वाढत होतीस. आमटी सगळ्यांच्या वाटीत पडली, आणि डाव्या टोकाला बसलेल्या आत्याच्या सासूबाईंची वाटी कोरडीच. भात आला, तोही नाही. मग गोड आलं, तेही नाही. त्या बाई उठल्या. केवढा तमाशा झाला! बाबा म्हणाले, तुला माणुसकी आहे की नाही. मी लहान, मी मध्येच बोललो, "आईला त्या दिसल्याच नाहीत." तू मला ओढत स्वयंपाकघरात नेलंस आणि कानाखाली वाजवलीस. "मला सगळं दिसतं, कळलं?" असं म्हणालीस, आणि पदराने तोंड पुसत बाहेर जाऊन त्या बाईंची माफी मागितलीस. उर्मट, मानपान न कळणारी, काय वाट्टेल ते म्हणवून घेतलंस, पण एवढं एक म्हणवून घेतलं नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची. डॉक्टरकडे गेलीस तेव्हा डावा डोळा गेलेला होता. ते म्हणाले, आधी आला असतात तर थेंबांवर भागलं असतं. त्या थपडेचा राग मी अजून धरलाय, असं समजू नकोस. मला तेव्हाची तू आता कळतेस, आणि त्याचीच जास्त भीती वाटते.

तर परवा मी गेलो. हनुवटी टेकवून एका पांढऱ्या वाडग्यात बघायचं, एक डोळा झाकायचा, समोरच्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही. आजूबाजूला कुठेतरी बारीकसा उजेड चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याचं ठीक निघालं. डाव्या डोळ्याच्या कागदावर अर्ध्याहून जास्त भाग काळा, म्हणजे तिथला उजेड दिसलाच नाही. ती मुलगी फार गोड बोलली, म्हणूनच जास्त धस्स झालं. हॉस्पिटलमधून बोलावणं येईल म्हणाली. आणि म्हणाली, तोवर गाडीचं काय ते त्यांना विचारा.

घरी येऊन बायकोला कागद दाखवला. तिचा चेहरा पाहवेना, म्हणून मी म्हणालो, "अगं, हे माझ्या अंपायरगिरीमुळे झालंय. पक्कं दिसल्याशिवाय मी बटणच दाबलं नाही. शंका आली तर सोडून दिलं." तिने चटकन विश्वास ठेवला. हसलीसुद्धा. "तुझं ते शंभरदा खात्री करणं! मशीनसमोर कुणी असं करतं का? परत करून घे आणि या वेळी दाब भराभरा." मग चहा टाकायला गेली. काल तिला घेऊन बाजाराला गेलो. गाडीत ती माझ्या डावीकडेच बसते. राउंडअबाउटवरून निघताना ती एकदम ओरडली, "अरे, सायकलवाला!" मी ब्रेक दाबला. तो वाचला. ती म्हणाली, "लक्ष कुठे आहे तुझं?" मी म्हणालो, ऑफिसचं डोक्यात होतं. उद्याच्या मॅचला येत नाही, असं रेफरीला कळवलं, पाठ भरलीय म्हणून. तेवढं तरी केलं.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार, आणि टाकता आलं असतं तरी टाकलं नसतं. तू वाचलंस तर पुन्हा कानाखाली देशील, या वेळी उलट्या कारणासाठी. पण एवढं लिहिलंय तर खरं तेही लिहितो. बायकोला सांगितलं ते खोटं होतं. डावा डोळा तपासताना बराच वेळ काहीच चमकलं नाही, तेव्हा मी घाबरलो, आणि आता उजेड येऊन गेला असेल अशा अंदाजाने बटण दाबत सुटलो. दिसलं नव्हतं, तरी दाबलं, पुन्हा पुन्हा. त्या मुलीने एकदा थांबवून सांगितलंही, दिसेल तेव्हाच दाबा. आणि एवढं करूनही तो कागद काळाच आला, आई.