सोमवारचं दार

ता. ४ मार्च

चि. पोपटास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या देशात राज्यघटना कशी छापील, कलमवार, आणि तू तिचा प्राध्यापक, हे चौथ्यांदा वाचलं. आमच्याकडे असं एक पुस्तक नाहीच. थोडे कायदे, बाकी रिवाज. परवा आमचे पंतप्रधान विश्वासदर्शक ठराव हरले. आजवर हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी पायउतार होत आला. हे गृहस्थ हलायला तयार नाहीत.

हरल्यावर दुसऱ्या सोमवारी नवा नेता निवडायला सभागृह भरतं. दार सचिवाने स्वतः उघडायचं, घंटा द्यायची. सचिव मी. पंतप्रधानांचा चिटणीस माझ्या खोलीत पाय पसरून बसला आणि म्हणाला, दार उघडू नका. उघडायचं असं लिहिलंय कुठे? मी म्हटलं, उघडणार.

गुडघा बरा आहे. लोभ असू दे, उपदेश आटोपता घे.

तुझी ताई

ता. ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

हट्ट सोड. काढून टाकलं तर कुठलं कलम घेऊन कोर्टात जाशील? लहानपणी माझ्यासाठी मुख्याध्यापकांशी भांडलीस, तेव्हा शाळेचे नियम निदान भिंतीवर तरी होते.

इकडे लिहिलेलं असूनही तमाशा चाललाय. राष्ट्राध्यक्ष दोनदाच होता येतं, असं आमच्या घटनेत स्वच्छ आहे. आता तिसऱ्या खेपेसाठी त्यांची माणसं म्हणतात, पहिली खेप मोजू नका, आणि तसा अभिप्राय माझ्या सहीने हवाय. विचार करून सांगतो म्हटलंय. माझं विभागप्रमुखपद त्यांच्याच हातात आहे.

माया आहेच, ती रागातही असावी.

तुझा पोपट

ता. १७ मार्च

चि. पोपटास आशीर्वाद, सध्या एकच.

काल दार उघडलं. चिटणीस पायरीवर उभा, पुन्हा तेच, लिहिलंय कुठे. मी म्हटलं, पंतप्रधान नावाचं पद तरी आमच्या कुठल्या कायद्यात लिहिलंय? लिहिलेलंच चालणार असेल, तर आधी साहेबांना खुर्चीवरून उठवा, मग मी किल्ली देते. मी घंटा दिली. सभासद आले, साहेबांच्या पक्षाचेही आले, नवा नेता निवडला गेला. साहेब मागच्या जिन्याने गेले आणि जाता जाता मला निलंबित करून गेले. नव्या साहेबांनाही न ऐकणारी बाई नकोच आहे, तेव्हा मी घरी.

पण तू विचार कसला करतोयस? माझ्याकडे एक ओळ नव्हती. तुझ्याकडे आहे, आणि तिकडच्या परीक्षेच्या वेळी ती तुझ्याकडून मीच घोकून घेतली होती. सही केलीस तर मला ताई म्हणू नकोस. मला फार राग आलाय.

ताई

ता. २४ मार्च

ती. ताईस (अजून म्हणू शकतो) शि. सा. न. वि. वि.

सही केली नाही. त्यांनी कारण विचारलं. मी ते कलम मोठ्याने वाचून दाखवलं. कारण पुन्हा विचारलं, पुन्हा वाचलं. शेवटी तेच उठून गेले. लहानपणी उगाच नाही पोपट म्हणायचीस.

विभागप्रमुखपद गेलं. खोली रिकामी करायला सांगितलीय, पुस्तकं खोक्यांत भरतोय. झोप मात्र छान लागते.

रविवारी तुझ्याकडे पोचतो. लोभ कमी झाला असेल तर तिथेच भांडून वसूल करीन. दार उघडं ठेव, तेवढं तुला येतं.

तुझा पोपट