खांबावरच्या सळ्या

सोलापूर, ता. ६ फेब्रुवारी १९३४

ती. चनबसप्पा मामांच्या सेवेशी,
भाचा शिवशरण याचे शरणु शरणार्थ. वि. वि.

इकडे सर्व खुशाल. अव्वा म्हणते की तुम्ही ओव्हरसियरकी सोडून जेऊरला जाऊन बसलात, तेव्हापासून माझे कान पिळणारं कोणी उरलं नाही. म्हणून हे पत्र.

कुंभारीच्या वाटेवरच्या ओढ्यावर आमचा पूल चालू आहे. अलीकडच्या काठापासून मधल्या खांबापर्यंत तुळई तीस फूट. ती खांबापुढं आणखी आठ फूट जाते आणि तिथं लोखंडी बिजागरी आहे. पुढची वीस फूट तुळई एका टोकाला बिजागरीवर, दुसऱ्या टोकाला पलीकडच्या काठावर टेकते. तिकडची माती काळी. काठ थोडा खचला तरी तुळई मोडू नये म्हणून ही सोय.

पण नकाशात सळ्या सगळ्या खालच्याच अंगाला! जुन्या, बिनबिजागरीच्या पुलाचा नकाशा उतरवलेला दिसतो. खांबावर तुळई वरून ताणली जाणार, तिथं सळई नको का? फुटाला एक टन वजन धरून, तुळई कुठं कापली जाते आणि कुठं किती वाकते हे बघायला, मी शिअरची आणि बेंडिंग मोमेंटची डायग्राम काढली. बिजागरीपाशी दोन्ही शून्य, खांबावर मोमेंट, पुढं गेलेल्या आठ फुटांच्या वजनाची, बत्तीस फूट-टन. आमच्या इंजिनियर साहेबांना दाखवली, तर त्यांनी विचारलं की दोन वर्षांच्या नोकरीत वरिष्ठांचे नकाशे तपासायला लागलास काय. कामावरचा श्रीमंत नावाचा मिस्त्री म्हणतो, बत्तीस म्हंजी काय लई न्हाय, कशाला नोकरी घालवताय. सोमवारी काँक्रीट पडणार. डायग्राम सोबत जोडली आहे. लोभ आहेच, तो कान पिळताना कमी करू नये.

आपला,
शिवशरण


जेऊर, ता. ८ फेब्रुवारी १९३४

चि. शिवशरण यास चनबसप्पाचे आशीर्वाद.

कान पिळतो. बिजागरीपाशी मोमेंट शून्य, हे बरोबर. शिअर शून्य कुणी सांगितला? बिजागरी वाकवणारा जोर पुढं जाऊ देत नाही, वजन मात्र सगळं जाऊ देते. तिथं तुळईचे दोन तुकडे कर आणि पलीकडच्याचं गणित आधी सोडव. वीस फुटांचं निम्मं वजन, दहा टन, बिजागरीवर येतं. ते खांबापासून आठ फुटांवर, म्हणजे ऐंशी. त्यात तुझे बत्तीस. एकूण एकशे बारा! तू चुकलास, पण तुझं म्हणणं साडेतीनपट खरं आहे.

आता तुझ्या अव्वालाही न सांगितलेली गोष्ट. वीस वर्षांपूर्वी कालव्याच्या एका कामावर चुकीचा नकाशा मला दिसला होता. मी बोललो नाही. स्लॅब बसली आणि बिरप्पा गवंड्याचा पाय गेला. त्याच साली मला बढती मिळाली.

काँक्रीट पडायच्या आधी, शनिवारीच साहेबांकडे जा. आवाज चढवू नकोस, आकडे पुढं ठेव. तुझ्यावरची माया नोकरी राहो न राहो, तेवढीच राहील.

चनबसप्पा


सोलापूर, ता. २७ मार्च १९३४

ती. मामांच्या सेवेशी,
शिवशरणचे शरणु शरणार्थ. वि. वि.

काम थांबल्याचं कार्डावर कळवलं होतंच, आज सविस्तर लिहितो. त्या शनिवारी साहेबच पुलावर आले. मी आधी माझीच चूक सांगितली, की परवाचे बत्तीस चुकले, क्षमा असावी. ते हसले. मग म्हटलं की खरे एकशे बारा आहेत. हसणं थांबलं. त्यांनी माझ्या हातचा खडू घेतला आणि काँक्रीटखालच्या सेंटरिंगच्या फळीवर स्वतः पलीकडचा तुकडा सोडवला. दहा टन. मग अलीकडचा. एकशे बारा आल्यावर ते पालथ्या घमेल्यावर बसले. उठले ते मिस्त्रीला सांगतच, की काम बंद, खांबावर सळ्या वरच्या अंगाला घ्या.

परवा पुलावर दगड रचून परीक्षा झाली. मी आणि श्रीमंत मिस्त्री ओल्या फडक्यानं खांबावरची तुळई पुसत भेग शोधत होतो. केसाएवढीही सापडली नाही. मिस्त्री म्हणाला की आता माझी बैलगाडी आधी जाणार, बाकीचे मागून.

संध्याकाळी साहेबांनी पुढच्या पुलाचा नवा नकाशा माझ्या पुढ्यात ठेवला. तपासणाऱ्याच्या जागी त्यांची सही असते. ते म्हणाले की इथं तू कर. मी केली. मामा, पण आधी सगळे आकडे स्वतः काढून पाहिले.

असाच लोभ असू द्यावा, आणि पूल बघायला यावं.

आपला,
शिवशरण