माझ्या चित्रातून कोण पडणार होतं?

अप्पा, गेल्या आठवड्यात माझं एक चित्र पुसलं गेलं. मी काम करते त्या द्राक्षाच्या पॅकहाऊसच्या जेवणाच्या शेडमध्ये, लांबलचक भिंतीवर मी काढलेलं चित्र पेंटरने रोलर फिरवून जेवणाच्या सुट्टीआधी पांढरं करून टाकलं. त्याबद्दल मालकाला, आमच्या शेठला, जे बोलायचं ते मी बोलून घेतलं होतं. पण संध्याकाळी दिंडोरीहून घरी येताना, बसमध्ये खिडकीशी बसल्यावर माझ्या लक्षात आलं, की माझा राग शेठवर नाहीच. तो तुमच्यावर आहे. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली म्हणून तो कमी झालेला नाही, उलट मुरलाय. तुमच्या फोटोला हार घालताना दरवर्षी मी हात जोडले आणि एक शब्द बोलले नाही. आज बोलणार आहे. आणि तुम्ही मधेच "बाळ, माझं ऐकून तर घे" असं म्हणायचं नाही.

तुम्हाला तो दिवस आठवत नसेल. तुमच्यासाठी तो इतर दिवसांसारखाच होता. ओझरच्या विमान कारखान्याच्या कॉलनीतलं आपलं क्वार्टर, मी आठवीत, रविवारी सकाळपासून ओट्याच्या कडेला बसून आईचं चित्र काढतेय. आई भाकरी थापतेय. पिठाने माखलेला तिचा हात परातीत गोल गोल फिरतोय आणि मला दुसरं काही दिसतच नाहीये, फक्त तो हात. म्हणून मी तो मोठा काढला. तव्यापेक्षा मोठा, चुलत्यांकडच्या सुपाएवढा. खडूच्या रंगांनी काढला होता आणि मला तो इतका आवडला होता, की मी जेवायलाही उठत नव्हते. तेवढ्यात तुमच्या ड्रॉइंग ऑफिसमधले काका चहाला आले. तुम्ही मोठ्या कौतुकाने कागद मागितला, हे मी विसरलेले नाही. कौतुकानेच मागितलात. मग खिशातली लाल पेन्सिल काढलीत.

"तवा केवढा? एवढा. आणि हात केवढा? एवढा. या हिशोबाने तुझी आई या स्वयंपाकघरात मावायची नाही," असं म्हणालात. काका हसले. तुम्ही पट्टी मागवलीत. आधी तव्याला मध्यरेषा, मग आईच्या खांद्यापासून कोपरापर्यंत एक रेघ, कोपरापासून मनगटापर्यंत दुसरी. शेवटी माझ्या हाताच्या आत तुम्ही एक लहान, बरोबर मापाचा लाल हात काढलात. "बघ, असा." आईसुद्धा तोंडाला पदर लावून हसली. मीही हसले, अप्पा. सगळ्यांच्या आधी मी हसले, कारण हसले नसते तर रडले असते.

तुम्ही मला मारलं नाहीत, ओरडला नाहीत. तुमचं तेच तर आहे. बाकीच्या मुलींचे बाप पट्टीने मारायचे, तुम्ही पट्टीने फक्त रेघ मारलीत. त्यामुळे मला कुणाकडे तक्रारही करता आली नाही. काय सांगणार होते? वडिलांनी चित्र नीट करून दिलं? तो कागद आईने मसाल्याच्या डब्यांखाली अंथरला. हळद काढायला डबा उचलला की लाल हाताचं टोक दिसायचं. दुसऱ्या दिवशी कारखाना सुटल्यावर तुम्ही मुद्दाम नाशिकरोडला जाऊन माझ्यासाठी कंपासपेटी घेऊन आलात. चांगली, महागाची, पितळी कर्कटकाची. मी रंग मागितले होते. पुढे आठ-दहा वर्षं ती पेटी मी वापरली आणि तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलात, "आमच्या मुलीचा हात एकदम मापात."

मला तुमची बाजू माहीत आहे. मी ती तुमच्याइतकीच बोलून दाखवू शकते, कारण जन्मभर मीच ती माझ्या डोक्यात बोलत आले. तुम्ही विमानाच्या सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचात. तिथे केसाएवढी रेघ सरकली तर चालत नाही. वर माणूस बसलेला असतो, विमान पडतं. कबूल. पण माझ्या चित्रातून कोण पडणार होतं? एका आठवीतल्या मुलीच्या खडूच्या चित्रात कोण बसलं होतं, की तुम्हाला तिथेही तपासणी करावीशी वाटली? कारखान्याचं दार ओलांडून घरी येताना तुम्ही डबा आणलात, पिशवी आणलीत, ती लाल पेन्सिल तिथेच का नाही ठेवलीत?

त्यानंतर मी चित्र काढलं नाही. हे असं एका ओळीत लिहिलं की सोपं वाटतं. पण लग्नात रुखवतावर काहीतरी रंगवायला सांगितलं तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. मुलगी शाळेत असताना "आई, मोर काढून दे ना" म्हणायची आणि मी तिला तुमच्या जावयाकडे पाठवायचे. त्यांना मोर अजिबात येत नाही. तिच्या वहीत कोंबड्या जमा झाल्या. हातात पेन्सिल घेतली की माझ्या मानेमागे कुणीतरी उभं आहे असं वाटायचं, आणि ते कोण, हे मला चांगलं माहीत होतं. नोकरीही बघा कसली धरली. द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये क्वालिटी सुपरवायझर. गोल भोकांच्या पट्टीतून मणी घालून बघायचा, भोकातून खाली पडला तर बारीक, तो घड बाजूला काढायचा. मापाची नोकरी. मी त्यात फार चांगली आहे. याबद्दलही तुमचा मला राग आहे.

दोन वर्षांपूर्वी मुलीने मला न विचारता कॉलेजरोडला एका रविवारच्या चित्रकलेच्या वर्गात माझं नाव घातलं. शिकवणारी मुलगी माझ्या मुलीपेक्षा लहान. समोर तांब्या ठेवला होता, आणि मी डोळा मिटून, हात लांब करून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत त्याचं माप घेत बसले. तुमची शिकवणी. काढायचं, खोडायचं, काढायचं, खोडायचं. कागद इतका पातळ झाला की खालचं लाकूड दिसायला लागलं. ती मुलगी आली आणि म्हणाली, "मावशी, खोडरबर माझ्याकडे द्या."

"अगं, पण चुकलं तर?"

"चुकू द्या ना. मग काय होतं ते बघू आपण."

मला तिचा इतका राग आला! मग काय होतं म्हणजे काय? तिला काय माहीत काय होतं ते! पुढचे दोन रविवार मी गेले नाही, कपाटं आवरत बसले. तिसऱ्या रविवारी गेले, आणि का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. बहुतेक तिला चुकीचं ठरवायला गेले असेन. त्या दिवशी माझा तांब्या बसका झाला, एका बाजूला झुकला, त्याचं तोंड बेडकासारखं झालं. आणि मी वाट बघत राहिले. हसण्याची. कुणी हसलं नाही. शेजारचे रिटायर्ड गृहस्थ आपल्या तांब्याशी झगडत होते, त्यांना माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. चुकल्यावर काय होतं ते मला त्या वयात कळलं, अप्पा. काहीही होत नाही. ही एवढीशी गोष्ट. कुणीतरी मला ती आठवीत सांगायला हवी होती, आणि ते कुणीतरी तुम्ही होता.

मग मी पॅकहाऊसमध्ये काढायला लागले. सीझनमध्ये आमच्याकडे सुरगाणा, पेठकडच्या बायका येतात कामाला. दिवसभर टेबलाशी उभं राहून कात्रीने घडातले खराब मणी काढायचे. डोक्यावर जाळीची टोपी, तोंडाला मास्क, अंगावर एप्रन, माणूस ओळखू येत नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र सगळं काढून, क्रेटला पाठ टेकून, पाय लांब करून बसतात, आणि चेहरे एकदम उघडे पडतात. मी खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्यांना काढायचे, चोरून. एकीने पकडलंच. ती तिकडची, सगळ्यांना अरेतुरे करणारी, मलाही.

"बाई, हे माझं नाक हाय?"

"जमलं नाही गं नीट."

"नाय, हायच असं. माझ्या बापाचं नाक हे." आणि तिने हाक मारून सगळ्यांना गोळा केलं. मी पुठ्ठा मागे लपवायला गेले, तिने तो माझ्या हातातून ओढून घेतला. पुठ्ठा हातोहात फिरला. पुठ्ठ्यावरच्या दुसऱ्या बाईकडे बोट दाखवत एक म्हणाली, "हिला बघ, बसल्या बसल्या झोपलीय." जिला काढलं होतं ती म्हणाली, "झोपले नाय, पाय दुखतात माझे." तेही चित्रात दिसत होतं, असं तिलाच वाटलं. मी मणी तपासायला निघून गेले.

यंदा परदेशातून खरेदीदार येणार म्हणून शेठने जेवणाच्या शेडची भिंत रंगवायची ठरवली. द्राक्षाचा एक मोठा घड आणि खाली कंपनीचं नाव, असा त्यांचा बेत. मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. दारात मला घाम फुटला होता. मी म्हणाले, "मी काढते भिंत. आपल्या बायका काढते." शेठ तरुण आहेत, स्वभावाने वाईट नाहीत. हसून म्हणाले, "मॅडम, तुम्ही आर्टिस्ट आहात हे माहीत नव्हतं." मी म्हणाले, "मलाही नव्हतं." तेवढं बोलायला किती वर्षं लागली ते तुम्हीच मोजा, तुम्हाला मोजायला आवडायचं.

काम सुटल्यावर रोज तासभर मी स्टुलावर चढून काढत होते. पहिल्या दिवशी रेघ अशी थरथरत गेली, की मी तिथेच उभी राहून तुमच्याशी भांडले. मनातल्या मनात नाही, तोंडाने. वॉचमन बघायला आला. मग मी त्या थरथरत्या रेघेवरूनच ब्रश फिरवला आणि ती एका बाईच्या पाठीची रेघ झाली. वाकलेल्या, थकलेल्या पाठीची. पट्टीने मारलेली सरळ रेघ तिथे चाललीच नसती. चित्र पुरं झालं तेव्हा भिंतीला पाठ टेकून सात-आठ बायका बसल्या होत्या, डबे उघडे, पाय लांब, डोळे कुठेतरी दूर. सुंदर होतं, अप्पा. मी ते खाली मान घालून म्हणत नाहीये. सुंदर होतं.

शेठ आले, बघत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, हात चांगला आहे तुमचा. पण या दमलेल्या दिसतात हो. कस्टमरला हे कशाला दाखवायचं? जरा हसवा त्यांना. ओठ तेवढे वर करा, बाकी राहू द्या."

"दमलेल्याच असतात त्या वेळी."

"अहो, असतात. पण भिंतीवर कशाला? आणि नसेल जमत तर माझा पेंटर करून देईल, तुम्ही नका त्रास घेऊ."

नसेल जमत तर. दुसरा करून देईल. मला वाटलं, आता मी हसणार, सगळ्यांच्या आधी, आणि म्हणणार, हो, करून घ्या. तोंड उघडलंही होतं. त्यातून बाहेर पडलं ते वेगळंच. मी म्हणाले, "कुणीही माझ्या चित्रात ब्रश घालायचा नाही. नको असेल तर अख्खी भिंत पांढरी करा. पण दुरुस्ती नाही."

"मग पांढरी करतो," शेठ म्हणाले. चिडून नाही, अगदी व्यवहाराने. आणि केली.

पेंटरने रोलर फिरवला तो मी समोर उभी राहून बघितला. बायकाही बघत होत्या. ती नाकवाली म्हणाली, "माझ्यावरून पयला फिरवला बघ मेल्यानं." मला ज्याची म्हणून भीती वाटत होती ते सगळं त्या सकाळी घडलं. चारचौघांत चित्राला नावं ठेवली, चित्र गेलं, आणि सगळ्यांनी ते जाताना बघितलं. आणि त्यानंतर मी हात धुतले, मास्क लावला आणि दुपारच्या गाडीचा माल तपासला. रात्री भूक लागली, झोपही लागली. एवढंच होतं ते. ज्या गोष्टीला भिऊन मी तरुणपण घालवलं ती एका दिवसात संपणारी गोष्ट होती. मला राग येतो तो याचा. चित्र पुसल्याचा नाही, न काढलेल्या चित्रांचा. ती कुणी पांढरी केली नाहीत, ती कधी झालीच नाहीत, आणि त्यांचा हिशोब तुमच्याकडे आहे.

काल मी मोठे कागद आणले. हॉलमधला टीव्ही बेडरूममध्ये हलवला आणि त्या जागी टेबल लावलं. तुमचे जावई कुरकुरले, मी ऐकलं नाही. त्या बायका सीझन संपून गावी जायच्या आत मला त्यांना पुन्हा काढायचंय, यावेळी एकेकीला बसवून, विचारून. नाकवालीने अट घातलीय, की काढलेलं चित्र तिला द्यायचं. देईन.

आता एकच गोष्ट राहिली आहे, आणि ती मी आईलाही कधी सांगितली नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, ते खोटं नव्हतं. पण स्मशानातून माणसं परत आली, मी अंघोळ करून ओल्या केसांनी गॅलरीत उभी राहिले, तेव्हा माझ्या मानेमागे कुणी नव्हतं. मला हलकं वाटलं होतं, अप्पा. तुम्ही असता तर हे पत्र मी लिहिलं नसतं, आणि एकही चित्र काढलं नसतं. तुम्ही परत यावं असं मला पुष्कळदा वाटतं. टेबलाशी बसल्यावर वाटत नाही.